फक्त स्वतःचा प्रश्न

ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने त्याच्या दातांकडे बघितलं नाही आणि त्याने तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. दोघांचाही सुट्टीचा दिवस होता.

ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. आठवडाभर माणसाचा एकच भाग बघून काढला की शनिवारी अख्खा माणूस बघायचं त्राण उरत नाही. त्यामुळे सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर, भुरभुर पावसात, रांगेत मागेपुढे उभे असूनही त्यांची ओळख फक्त छत्र्यांपुरती होती. त्याच्या छत्रीचं पाणी तिच्या कपाळावर गळत होतं.

"अहो, तुमची छत्री..."

"हो, माझीच आहे," तो वळून म्हणाला.

"तुमचीच असू द्या. तिचं पाणीपण तुमच्याकडेच ठेवा."

त्याने छत्री डावीकडे कलती केली. "आता बरं?" मग उजवीकडे. "की आता?" परत डावीकडे. "पहिलं बरं होतं की दुसरं?"

तिने निरखून बघितलं. माणूस चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"ती मिटा आणि माझ्या छत्रीत या," ती वैतागून म्हणाली.

तो आला. पण तिचा खांदा कोरडा राहावा म्हणून अर्धा बाहेर उभा राहिला, आणि त्याच्याकडे छत्री सरकवता सरकवता तीही अर्धी बाहेर आली. थोड्याच वेळात दोघं सारखेच भिजले होते आणि मधली छत्री कुणाच्याच डोक्यावर नव्हती. त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा आणि भिंगं पुसायच्या औषधाचा वास येत होता. वास काही वाईट नव्हता.

"तुम्ही पूर्ण आत आलात तरी चालेल," ती म्हणाली.

"विचार करतोय," तो म्हणाला.

रांग वकिलाची होती. वकील शोधायची तिची ही चौथी खेप. लॅबचा म्हातारा मालक बुडाला नव्हता, आजारी नव्हता, त्याला नुसता कंटाळा आला होता. जन्मभर लोकांची तोंडं सावरून झाल्यावर आता त्याला मासे पकडत गप्प बसायचं होतं. लॅब एका कंपनीने घेतली. कंपनीकडे दात छापणारं मशीन होतं. मशीनला परदेशात काम करायचं परमिट लागत नाही. हिला लागायचं, आणि ते म्हाताऱ्याच्या नावाशी बांधलेलं होतं. त्याने गळ टाकला की ही देशाबाहेर.

पहिला वकील एका ट्रॅव्हल कंपनीच्या वरच्या मजल्यावर बसायचा. शंभर टक्के गॅरंटी, म्हणाला, आणि सोबत प्रवासात मानेला लावायची उशी फुकट. दारावरच्या पाटीत 'वकील' कुठेच नव्हतं, 'सल्लागार' होतं. दोन्हींत फरक काय, असं तिने विचारल्यावर त्याने उशी परत घेतली. दुसऱ्या बाई खऱ्याखुऱ्या वकील होत्या, नावाजलेल्या. त्यांच्या मदतनीस मुलीने तिला तीन महिन्यांनंतरची वेळ दिली. "तोवर मला हाकलून दिलेलं असेल," ही म्हणाली. "मग वेळ रद्द करायला आठवणीने फोन करा," मुलगी म्हणाली. तिसरा मामाच्या ओळखीतला. तो घटस्फोटाची कामं बघायचा. लग्न झालंय का, विचारलं. नाही, म्हटल्यावर म्हणाला, "मग आधी ते करून या."

चौथे हे, वाचनालयातले वकीलसाहेब. दर शनिवारी फुकट सल्ला देत. जागा मुलांच्या विभागात मिळाली होती, म्हणून एका छोट्या लाल खुर्चीत, गुडघे कानांपाशी घेऊन बसत. मागच्या भिंतीवर जिराफ रंगवलेला होता. त्या खोलीत हसरा चेहरा फक्त त्याचाच. टोकन मोजकी, एका टोकनाला एक प्रश्न, आणि टेबलावर पुठ्ठ्याची पाटी: फक्त स्वतःचा प्रश्न.

पाटीला कारण होतं. पूर्वी येणारा प्रत्येक जण 'माझा एक मित्र आहे' अशी सुरुवात करायचा. मित्राची मुदत संपलीय, मित्र आधी खोटं बोललाय, मित्राला घरी परत पाठवतायत. साहेबांच्या लक्षात आलं की या गावात माणसांपेक्षा मित्रच जास्त आहेत. तेव्हापासून नियम झाला. दुसऱ्याचा प्रश्न विचारला की टोकन बाद.

तिच्या पुढे चष्मेवाल्याचा नंबर होता. तो आत जाणार तेवढ्यात एक बेकरीवाला धावत आला. केसांत पीठ, पिठावर पाऊस, म्हणजे डोक्यावर कणीक व्हायच्या बेतात. टोकन संपली होती. भट्टी सोडून निघता आलं नाही, म्हणाला, आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागला. चष्मेवाल्याने त्याच्याकडे बघितलं, हातातल्या टोकनाकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं. मग दोघं कोपऱ्यात काहीतरी कुजबुजले. ती छत्री झटकत होती. तिला ऐकू आलं ते एकदम आत गेल्यावर, त्याच्या मागच्या बुटक्या बाकावर बसून.

"बोला," वकीलसाहेब म्हणाले.

"मला माझ्या बायकोला आणि दोन मुलींना इकडे आणायचंय," चष्मेवाला म्हणाला. "पगार बेताचा आहे. जमेल का?"

तिने उगाचच छत्रीचं बटण दाबलं. छत्री खाडकन उघडली. वकीलसाहेबांनी बघितलं, जिराफाने बघितलं, बायको-मुलींवाल्या माणसाने मात्र बघितलं नाही. त्याची नजर काचेच्या दाराकडे होती.

"पगारासोबत राहती जागाही बघतात. किती खोल्या?"

काचेपलीकडे बेकरीवाल्याने दोन बोटं दाखवली.

"दोन," चष्मेवाला म्हणाला.

"पुरतील. जागेचा करार आधी करा. आणि बायकोला बजावून ठेवा, विचारलं तेवढंच सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. अंदाजाने बोललेलं पुढे खोटं म्हणून धरतात."

मग तिचा नंबर लागला. नोकरी गेल्यावर किती दिवस राहता येतं, हा तिचा प्रश्न. साहेबांनी उत्तर नीट दिलं: नवा मालक मिळेपर्यंत काही आठवड्यांची सवलत असते, पण त्या मालकाकडे परदेशी माणूस ठेवायची परवानगी हवी, आणि अर्ज परमिट संपायच्या आत गेला पाहिजे. एक दिवस जरी वर गेला तरी दार बंद. तिने ते सगळं ऐकलं, पण रागाचा विषय वेगळाच होता.

बाहेर पायऱ्यांवर तो छत्रीची वाट बघत उभा.

"आता वहिनींना सांगा छत्री आणायला," ती म्हणाली.

"कुणाच्या वहिनी?"

"तुमची बायको हो!"

"मला बायको नाही."

"आत्ता आत दोन मुली होत्या!"

"त्या याच्या," त्याने बेकरीवाल्याकडे बोट दाखवलं. बेकरीवाल्याने लगबगीने मोबाइल काढून फोटो पुढे केला. दोन मुली, मध्ये एक बाई, तिघींची नाकं डिट्टो बेकरीवाल्यासारखी. बायकोचं नाक कसं काय, हे विचारायचं तिला सुचलं नाही. तिला एकदम इतकं हलकं वाटलं होतं की तिने दोन्ही मुलींच्या नाकांचं मनापासून कौतुक केलं.

"आणि तुमचा स्वतःचा प्रश्न?"

"पुढच्या शनिवारी. मला घाई जमत नाही."

"ते छत्रीत कळलं."

तो हसला, आणि तिने पहिल्यांदा त्याच्या दातांकडे बघितलं. पुढचा एक दात किंचित वाकडा, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकल्यासारखा. असा दात तिने बनवला असता तर गिऱ्हाइकाने तो तोंडावर फेकला असता. तिला तो फार आवडला.

त्या दिवसापासून रांगेला वाईट सवय लागली. ज्याला टोकन मिळायचं नाही तो टोकनवाल्याला आपला प्रश्न सांगायचा, आणि टोकनवाला आत जाऊन 'मी', 'माझं' करत विचारून यायचा. ती दोघं यात पटाईत झाली. तिने एका निवृत्त खलाशाच्या वतीने विचारलं, "माझा जन्म भर समुद्रात जहाजावर झाला. तर माझा देश कुठला?" वकीलसाहेबांनी तिच्याकडे अशा करुणेने बघितलं की तिला स्वतःच्या जन्माबद्दल खरंच वाईट वाटलं. साहेब नावं विसरत, प्रश्न विसरत नसत. दुसऱ्या शनिवारी तिला बघून म्हणाले, "या, समुद्रातल्या बाई."

असे शनिवार जात राहिले. बेकरीवाल्याने उपकाराची फेड म्हणून भट्टीमागचं एक टेबल त्यांना कायमचं देऊन टाकलं. तिथे भिंत इतकी गरम असायची की ओले स्वेटर पाठीवरच वाळायचे. चष्मेवाला पाव निवडायला अर्धा तास लावायचा. ती तोवर दोन खाऊन मोकळी.

"तिळाचा घेऊ की साधा?"

"अहो, पाव आहे. त्याला जन्मभर सांभाळायचं नाहीये."

"म्हणूनच. थोडाच वेळ सोबत आहे, तर तो नीट निवडावा."

"माझ्या बाबतीत किती विचार केलात?"

तो विचारात पडला. ती वाट बघत राहिली. बेकरीवाला दोनदा ट्रे घेऊन आत-बाहेर करून गेला.

"अजून चालू आहे," तो म्हणाला. "पण... बाकी सगळे पाव परत ठेवलेत."

त्यावर तिने तिसरा पाव खाल्ला, कारण तोंडाला काहीतरी काम हवं होतं.

त्याचा स्वतःचा प्रश्न त्याने शेवटी विचारला. तो इथला कायमचा रहिवासी होता, नागरिकत्वाची वाट बघत होता. त्यासाठी सलग काही वर्षं देशात राहावं लागतं. पूर्वी एकदा मोजणी पूर्ण होत आली असताना आई अंथरुणाला खिळली म्हणून तो घरी गेला होता. परत कधी निघावं हे त्याचं ठरेना. आई गेली, मोजणीही गेली. वकीलसाहेब म्हणाले, "आता नागरिकत्व हातात पडेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका. टाकलंत तर पुन्हा पहिल्यापासून."

तर असं होतं. तिला राहता येत नव्हतं आणि त्याला जाता येत नव्हतं. अशा दोघांची गाठ घालून द्यायची हौस कुणाला असते कोण जाणे, पण ज्याला असते त्याला दुसरं कामच नसावं.

एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्याने तिचे डोळे तपासले. अंधारी खोली, समोर भिंतीवर उजेडात अक्षरं. त्याने तिच्या नाकावर ते जड लोखंडी चष्म्यासारखं यंत्र चढवलं आणि भिंगं बदलत राहिला.

"हे बरं... की हे?"

"पहिलं."

"हे... की हे?"

"सारखंच आहे."

"आता माझ्या कानाकडे बघ," तो म्हणाला, आणि दिवा घेऊन इतका जवळ आला की त्याच्या श्वासाने भिंगावर धुकं धरलं. 'तुम्ही'चं 'तू' त्या खोलीत कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बाहेर आल्यावर मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"तुला चष्म्याची गरज नाही," दिवा लावून तो म्हणाला.

"मग इतका वेळ काय बघत होतास?"

"खात्री करत होतो."

"झाली?"

त्याने ते यंत्र तिच्या नाकावरून हळूच उतरवलं. कानामागे अडकलेला तिचा केस सोडवायला त्याला लागला त्याहून जास्त वेळ कुणालाच लागला नसता. "झाली... बहुतेक," तो म्हणाला.

दरम्यान म्हातारा मासे पकडायला गेला. तिने गावातल्या सगळ्या लॅब पालथ्या घातल्या. मोठ्या ठिकाणी मशीन होतं. एका छोट्या लॅबच्या बाईंना तिचं काम इतकं पसंत पडलं की त्यांनी तिचा हात हातात घेतला. पण परदेशी माणूस ठेवायची परवानगी त्यांच्याकडे नव्हती, आणि ती काढायला लागणाऱ्या वेळात तिचं परमिट दोनदा संपलं असतं. बाईंनी हात सोडला, तोही हळूच, शिष्टाचाराने.

ती बेकरीत येऊन बसली तेव्हा तो समोर नुसता बसून होता. आज त्याने पावच घेतला नव्हता.

"एक मार्ग आहे," तो म्हणाला. "कायमच्या रहिवाशाच्या... जोडीदाराला राहता येतं."

"कुठल्या रहिवाशाच्या?"

"मला एकच माहितीये."

तिला हसू आलं, आणि हसता हसता बंद करता येईना. बेकरीवाल्याने पाणी आणून दिलं. "हे लग्नाचं विचारणं आहे का?" ती म्हणाली.

"हो... म्हणजे तसंच धर."

"'तसंच धर' काय! पाव घेताना तरी एक काहीतरी ठरवतोस."

"हो," तो म्हणाला. "आहे."

घरी फोनवर आईला सांगितलं. आईने आधी व्यवसाय विचारला. "डोळे तपासतो की नुसत्या काड्या विकतो?"

"तपासतो गं."

"स्वभाव?"

"चांगला आहे. दुसऱ्याचं दुःख बघवत नाही त्याला. रांगेत कुणी रडलं तरी आपलं टोकन देतो."

आई गप्प झाली. आई गप्प झाली की समजावं, जिव्हारी लागेल असं काहीतरी शोधतेय. "मग बाई," ती शेवटी म्हणाली, "तो लग्न करतोय की टोकन देतोय?"

हे वाक्य बोलून आईने फोन ठेवला आणि बहुधा शांतपणे जेवायला बसली. हिला मात्र पुढचे कित्येक दिवस घास गिळवला नाही.

वकीलसाहेबांचं खरं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. तिथे त्यांना मोठ्या माणसाची खुर्ची होती, त्यामुळे ते आणखीच भीतीदायक दिसत. दोघं शेजारी शेजारी बसली. लग्न करायचंय आणि जोडीदार म्हणून अर्ज करायचाय, असं तो म्हणाला. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"आणि आधीची बायको? दोन मुली?"

"त्या माझ्या नाहीत."

"हे तुम्ही बाप म्हणून बोलताय?"

"नाही हो! मी बापच नाही!"

"शनिवारी होतात. माझ्यासमोर. दोन खोल्या, पगार बेताचा." साहेब तिच्याकडे वळले. "आणि तुम्ही, ज्यांचा जन्म भर समुद्रात झाला, यांच्याशी लग्न करताय? तुम्हाला पहिल्या बाईंचं माहितीये?"

"माझा जन्म समुद्रात नाही झाला," ती म्हणाली. "साध्या सरकारी दवाखान्यात झाला. लिफ्ट बंद होती, एवढंच."

"म्हणजे तुम्ही दोघं माझ्याशी खोटं बोललात. तेव्हा, की आत्ता?"

याचं उत्तर 'तेव्हा' असं होतं. पण ते कोणत्याही खोटारड्याने आत्ता दिलंच असतं. वकिलाने अर्जावर सही करायची म्हणजे आपल्या माहितीप्रमाणे हे खरं आहे असं सांगायचं. आणि साहेबांची माहिती अशी की समोरचा माणूस दोन लेकरांचा बाप आहे. शेवटी बेकरीवाल्याला फोन केला. तो एकटा आला नाही. बायको आणि दोन मुली गेल्याच आठवड्यात येऊन पोहोचल्या होत्या, सगळ्यांना घेऊन तो तसाच ॲप्रनवर जिना चढून आला. ऑफिसात चार एकसारखी नाकं रांगेत उभी राहिली. साहेबांनी नाकं बघितली, मान हलवली. त्यांचं समाधान झालं. पुराव्याच्या कायद्यात नाकाला फार मान असावा.

बेकरीवाल्याच्या बायकोने जाता जाता हिचा गाल कुरवाळला. "तुमच्यामुळे आलो गं आम्ही," म्हणाली. दार लागलं, आणि खोलीत तिघंच उरली.

"तुम्ही दोघं अट्टल आहात," साहेब जरा नरमून म्हणाले, "पण मनाने वाईट नाही. अडचण अशी की अधिकाऱ्याला मन दिसत नाही, तारखा दिसतात. परमिट संपतंय आणि लग्न होतंय. त्यामुळे तो जे विचारणार ते मी आधी विचारतो. परमिटची भानगडच नसती, तर हे लग्न तुम्ही आत्ता केलं असतं?"

"हो," तो म्हणाला.

असं झटकन. श्वाससुद्धा मध्ये आला नाही.

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. हाच माणूस, ज्याला छत्री डावीकडे धरावी की उजवीकडे, हे ठरवता आलं नव्हतं. त्याचं ते 'हो' टेबलावर ठेवल्यासारखं समोर होतं — सरळ, पांढरं, कुठे डाग नाही, फट नाही. असलं काम ती रोज करायची. खऱ्या दाताला थोडा पिवळेपणा असतो, कड झिजलेली असते. इतकं नीटनेटकं असेल ते बनवलेलं असतं, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि आई कानात म्हणत होती, टोकन देतोय.

"आणि तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

तिला काय हवं होतं? तिला हा माणूस हवा होता. पण कुठल्यातरी पुढच्या वर्षी, पाव निवडता निवडता अचानक मान वर करून 'मला वाटतं माझं ठरलंय' म्हणणारा. हा घाबरलेला, दयाळू, उदार माणूस नको होता. याच्याशी लग्न केलं असतं तर तो जन्मभर चांगला वागला असता, आणि ती जन्मभर आभारी राहिली असती. दोन माणसांनी एका घरात एवढं सभ्य राहायचं म्हणजे शिक्षाच.

"नाही," ती म्हणाली. "आत्ता नसतं केलं."

खाली लाँड्रीत मशीन गरगरत होतं.

"मग मला सही करता येणार नाही," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज जिराफासमोर असायचा त्याहून खाली आला होता. "परमिट संपेपर्यंत विचार बदलला तर दोघं मिळून या. नंतर माझ्या हातात काही नाही."

तो तिच्या पाठोपाठ जिना उतरला. नाक्यावर येऊन म्हणाला, "मी... जातो." आणि गेला. पहिल्यांदाच, डावीकडे जावं की उजवीकडे हे न ठरवता.

त्यानंतर तो आला नाही. फोन नाही, निरोप नाही. तिला वाटलं, बरोबर, सुटला. उपकाराचं ओझं उतरलं की माणूस असाच दिसेनासा होतो. ती सामान बांधत राहिली. बांधता बांधता दाराकडे बघत राहिली. शनिवारी बेकरीत जाऊन आली. टेबल रिकामं होतं. बेकरीवाल्याने विचारलं नाही, नुसते दोन पाव बांधून दिले, एक तिळाचा, एक साधा. परमिटचा शेवटचा दिवस रविवार होता. ऑफिसं बंद, वाचनालय बंद, विमानं तेवढी चालू.

विमानतळाच्या बसपाशी तो उभा होता.

स्वेटर उलटा घातलेला, डोळे सुजलेले. तिची बॅग त्याने न विचारता उचलली आणि बसच्या पोटात सरकवली. मग बाहेर काढली. मग आडवी करून पुन्हा ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "जाईल कशीही."

"तू नाही का म्हणालीस?"

"कारण तुझं 'हो' खोटं होतं."

त्याने तिच्याकडे बघितलं.

"तुला पावाला अर्धा तास लागतो," ती म्हणाली. "आणि लग्नाला एका फटक्यात 'हो'? मला कळतं रे. कुणी रडलं की तू टोकन देतोस. मला टोकन नको होतं."

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

"ते खोटं नव्हतं," तो म्हणाला. "मला फक्त... सराव नव्हता."

"काय?"

"आयुष्यात एक गोष्ट मला विचार न करता माहीत होती. तेवढीच. म्हणून ती तशी तोंडातून आली. मलाही विचित्र वाटलं ऐकून."

जे ओळखण्यासाठी लोक तिला पगार देत होते, नेमकं तेच तिने हातात धरून खोटं ठरवलं होतं.

"मग हे... हे तू मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगावं, याचा विचार करत होतो," तो म्हणाला. "आज सकाळी ठरलं."

आज रविवार होता. ती हसली की रडली ते तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. त्याने हात पुढे केला, तिच्या गालापाशी आणला, आणि कुठल्या गालाला लावावा हे ठरेपर्यंत ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"चला हो बाई. विमान काय आपलं नाहीये."

ती चढली. खिडकीची एकच जागा रिकामी होती, मागची. बसच्या काचा काळ्या, बाहेरून आतल्या नुसत्या सावल्या दिसत होत्या. तो फुटपाथवर उभा राहून एकेक खिडकी बघत होता. मग एका खिडकीपाशी त्याची नजर थांबली, चेहरा उजळला, आणि तो हात हलवायला लागला. पूर्ण हाताने, खांद्यापासून, उलट्या स्वेटरसकट. ती खिडकी तिच्या पुढची होती.

तिथे एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं, मग सभ्यपणे हात वर करून हलवला. बाहेर तो आणखी जोरात हलवायला लागला. तो काहीतरी बोलतही होता. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण लहानसं वाक्य होतं आणि तो ते न अडखळता पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बस हलली. गृहस्थ अवघडून मागे वळले.

"तुमच्यासाठी असावं हे," ते म्हणाले. "जागा बदलायची का?"

तो बसबरोबर चालायला लागला होता, नजर त्याच खिडकीवर, जराही न ढळता.

"नको," ती म्हणाली. "आता हात खाली घेऊ नका, एवढंच."

गृहस्थांनी मान डोलावली, आणि बस वळेपर्यंत इमानेइतबारे हात हलवत राहिले.